दुसरं व्हायोलिन

दोन वर्षं होऊन गेली या गोष्टीला. डिसेंबरात मी आठ दिवसांसाठी मुंबईला भाचीकडे गेले होते. भाची तिथे नोकरी करते, एकटी राहते. मावशी आली म्हणून तिने रविवारची दोन तिकिटं काढून ठेवली होती. मला वाटलं नाटक असेल. निघताना तिने सांगितलं, पाश्चात्त्य संगीताची मैफल आहे. मी मनात म्हटलं, झालं! दोन तास बसायचं आणि कळायचं काहीच नाही. पण तिचा उत्साह मोडवेना. नेसले एक बऱ्यापैकी साडी आणि गेले नरिमन पॉइंटला, एनसीपीएमध्ये.

मैत्रिणींनो, मी काही गाण्यातली जाणकार नाही. माझं माहेर जळगाव. लग्नाआधी मी पेटी शिकायचे, दोन परीक्षाही दिल्या होत्या. लग्न होऊन धुळ्याला आले आणि पेटी माहेरीच राहिली. आता जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, तेव्हा जमलं तर माहेरी जाते आणि एखादी रात्र ऐकून येते. एवढाच माझा आणि संगीताचा संबंध. बाकी वर्षभर घर, बचत गट, वस्तीतल्या बायकांची कामं, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोराचा दाखला.

सभागृह छोटंसंच होतं. स्टेजवर चार खुर्च्या आणि चार स्टँड. माइक नाही, तबला नाही, तानपुरा नाही. चार तरुण कलाकार आले, दोन मुलं, दोन मुली. दोघांच्या हातात व्हायोलिन, एकीच्या हातात व्हायोलिनसारखंच पण जरा मोठं वाद्य, त्याला व्हिओला म्हणतात. चौथ्याकडे भलंमोठं वाद्य, ते जमिनीला टेकवून दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं. तो चेलो. आपल्याकडे व्हायोलिन वाजवणारे मांडी घालून बसतात आणि वाद्याचं टोक पायाशी टेकवतात. हे लोक खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरतात. भाचीने कानात सांगितलं की या चौघांच्या मेळाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. क्वार्टेट म्हणजे चौघं, स्ट्रिंग म्हणजे तारेची वाद्यं.

आता मी काय केलं ते सांगते. पहिला भाग संपला. छान जलद लयीतलं काहीतरी होतं, मला आवडलं, आणि मी मनापासून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच! सगळं सभागृह गप्प. भाचीने माझा हात धरला. नंतर कळलं की एका रचनेचे बहुधा चार भाग असतात, एक जलद, एक संथ, एक नाचाच्या चालीचा आणि शेवटचा पुन्हा जलद. चारही संपल्याशिवाय टाळी नाही. मला तर भुईत शिरावंसं वाटलं. पण शेजारच्या खुर्चीवर एक पारशी आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या माझ्याकडे पाहून हसल्या आणि हळूच त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या. जीव भांड्यात पडला.

दुसरा भाग संथ होता. त्यात मी टाळीचा विचार सोडून नुसतं बघत बसले. चौघांपुढे कुणी काठी हलवणारा माणूस नव्हता. सुरुवात कधी करायची, थांबायचं कधी, हे ते एकमेकांकडे बघून ठरवत होते. पहिल्या व्हायोलिनवाल्याने श्वास घेतला की बाकी तिघांचे हात उचलले जात. एकीने सूर लांबवला की दुसरा आपला आवाज कमी करी. आमच्याकडे उन्हाळ्यात चार जणी मिळून उडदाचे पापड लाटायला बसतात ना, तसंच मला वाटलं. कुणी कुणाला सांगत नाही, पण एकीच्या पोळपाटावरचा पापड उतरतो तेव्हा दुसरीने लाटी पुढे केलेली असते.

मध्यंतरात आजींशी बोलणं झालं. मी धुळ्याहून आले म्हटल्यावर त्यांना मोठं नवल वाटलं. मग त्या गुजराती वळणाच्या मराठीत सांगू लागल्या की या शहरात असं क्वार्टेट १९४० साली मेहली मेहतांनी काढलं होतं, बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. जगभर नाव कमावलेले संगीत दिग्दर्शक झुबिन मेहता, त्यांचे ते वडील. झुबिन मेहतांचं नाव मी पेपरात वाचलं होतं. वडिलांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. घंटा झाली आणि आम्ही आत गेलो, पण जाता जाता आजी एक वाक्य बोलून गेल्या. त्या म्हणाल्या की मेहली नाव सगळे घेतात, पण तेहमीनाचं कोणी घेत नाही. तेहमीना म्हणजे त्यांच्या पत्नी.

ते वाक्य घेऊनच मी धुळ्याला परत आले. मग जमेल तसं वाचत गेले, भाचीलाही शोधायला लावलं. जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते.

मेहली मेहतांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ चा, मुंबईतला, पारशी कुटुंबातला. त्या काळी मुंबईत गिरण्या होत्या, बंदर होतं, साहेबाच्या ऑफिसातल्या नोकऱ्या होत्या. पारशी घरातला मुलगा यातलं काहीतरी करणार अशीच अपेक्षा असायची. व्हायोलिन वाजवून कुणाचं घर चालत नव्हतं. युरोपात या संगीताच्या मोठमोठ्या शाळा होत्या, इथे तसं काही नव्हतं. या माणसाने बरंचसं शिक्षण स्वतःच्या मेहनतीवर केलं. रेकॉर्ड ऐकायची, स्वरलिपी समोर ठेवायची आणि वाजवत राहायचं.

१९३५ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांचे असताना, त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवतो. हा तसा नव्हे. यात साठ-सत्तर वादक एकत्र बसून वाजवतात आणि त्यात निम्म्याहून जास्त व्हायोलिनच्या घराण्यातली वाद्यं असतात. एवढे वादक मुंबईत आणायचे कुठून? मोठा आधार होता गोव्याच्या वादकांचा. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तीच मंडळी पोटासाठी मुंबईत आली होती. काही पारशी हौशी वादक होते. हिटलरच्या भीतीने युरोप सोडून आलेले काही ज्यू वादक होते. फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडातले लोक येत. कुणी दिवसा नोकरी करणारा, कुणी हॉटेलात वाजवणारा. अशा सगळ्यांना गोळा करून तालमीला बसवायचं काम मेहलींनी केलं. दहा वर्षं ते या ऑर्केस्ट्राचे प्रमुख व्हायोलिनवादक होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण म्हणतो की हे संगीत आपलं नाही. पण त्या काळच्या हिंदी सिनेमातली गाणी आठवा. लताबाईंच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये जे व्हायोलिनचं भरून येणं असतं, ते वाजवणाऱ्यांमध्ये हेच गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. सकाळी स्टुडिओत सिनेमाचं गाणं आणि संध्याकाळी बेथोव्हेन, असं त्यांच्यातल्या कित्येकांचं आयुष्य होतं. म्हणजे जळगावच्या आमच्या वाड्यात रेडिओवर आम्ही जे ऐकत मोठ्या झालो, त्यातही या मंडळींचे हात होते.

१९४० साली मेहलींनी क्वार्टेट सुरू केलं. ऑर्केस्ट्राला सभागृह लागतं, पैसा लागतो. क्वार्टेटला एक खोली पुरते. म्हणून तर याला चेंबर म्युझिक म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. आपली मैफल जशी कुणाच्या दिवाणखान्यात, वीस-पंचवीस लोकांपुढे बसायची, तसंच ते. ऑस्ट्रियाच्या हायडन या संगीतकाराने अठराव्या शतकात ही चौघांची रचना घडवली आणि स्वतः साठाच्या वर क्वार्टेट लिहिली. त्याच्यापाठोपाठ मोझार्टने लिहिली. मग बेथोव्हेनने सोळा लिहिली. त्याची शेवटची पाच, १८२४ ते १८२६ मधली, तो ठार बहिरा झाला होता तेव्हाची आहेत. स्वतःला ऐकूही येणार नाही असं संगीत माणूस दुसऱ्यांसाठी लिहितो, हे वाचलं तेव्हा मी वही मिटून जरा वेळ बसून राहिले.

मेहलींच्या क्वार्टेटच्या तालमी त्यांच्या घरी होत. बैठकीच्या खोलीत चौघं वाजवत असत आणि घरात दोन लहान मुलं. थोरला झुबिन १९३६ चा, धाकटा झरीन १९३८ चा. मुलांना कुणी मांडीवर बसवून हे संगीत शिकवलं नाही. ते त्यांच्या कानावरून जात राहिलं, जसं आपल्या घरातल्या मुलांच्या कानावरून आरती जाते आणि एक दिवस ती त्यांना पाठ असते. बैठकीत तालीम चालू असताना आत स्वयंपाकघर कुणीतरी चालवत असणार, चार वादकांचा चहा कुणीतरी ठेवत असणार, मुलांना गप्प कुणीतरी बसवत असणार. ते कोण, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग आलं १९४५ साल. महायुद्ध संपलं. मेहली सदतिसाव्या वर्षात होते. शहरात नाव झालेलं होतं. पण त्यांना आतून वाटत होतं की आपलं शिक्षण अपुरं आहे. बायको-मुलांना मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले, इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला. गलामियन हे व्हायोलिनच्या गुरूंमधलं फार मोठं नाव. पुढे इट्झाक पर्लमनसारखे जगप्रसिद्ध वादक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. गंमत अशी की गुरू शिष्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठे होते! स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केलेला माणूस जवळजवळ आपल्याच वयाच्या माणसापुढे विद्यार्थी म्हणून बसला. बोट कसं ठेवायचं, कमान कशी धरायची, इथपासून शिकला. याला धाडस म्हणायचं.

पण ती चार वर्षं मुंबईत कशी गेली असतील? मी हा हिशेब मांडून बघितला. झुबिन नऊ वर्षांचा, झरीन सात. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौदलाचं बंड झालं, रस्त्यावर गोळीबार झाला. त्यानंतर दंगे. १९४७ मध्ये स्वातंत्र्य आणि फाळणी. मग गांधीजींची हत्या. हे सगळं तेहमीनाबाईंनी नवरा सातासमुद्रापार असताना दोन मुलांना घेऊन पाहिलं. तेव्हा काही मोबाईल नव्हता, की रात्री मुलांना व्हिडिओवर बापाचं तोंड दाखवावं. पत्र जायचं, यायचं. मुलांचा ताप, शाळा, परीक्षा, सण, सगळं त्या एका बाईवर. आणि मुलगे वाया गेले नाहीत. एक जगातला मोठा संगीत दिग्दर्शक झाला. दुसरा हिशेबनीस होऊन पुढे न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचा कारभार सांभाळणारा झाला. बापाच्या चार वर्षांना शिक्षण म्हणतात. आईच्या त्याच चार वर्षांना काय नाव द्यायचं?

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जाणार नाही.

मी मुंबईला गेले त्याच वर्षी, पावसाळ्यात, आमच्या गटातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, वय एकोणतीस. बारावी झालेली, हुशार. तिला नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला जागा मिळत होती, पण दुसऱ्या जिल्ह्यात, होस्टेलवर राहून. नवरा ड्रायव्हर, चार-चार दिवस बाहेर. सासू नको म्हणत होती. माझं सासू ऐकेल म्हणून ती मला मध्यस्थीला बोलवायला आली होती. आणि मी काय केलं? मी, जी महिला दिनाला भाषणं करते, मी तिला पहिला प्रश्न विचारला की मुलांचं कोण बघेल? मग समजावलं की मुलं लहान आहेत, दोन वर्षं थांब, शिक्षण कुठे पळून जातंय. ती मान हलवून गेली. जाताना माझ्या नातवंडासाठी आणलेली चार केळी ओट्यावर ठेवून गेली. प्रवेशाची तारीख उलटून गेली. अशा कोर्सला वयाची अट असते, हे मला माहीत असूनही मी तिला थांब म्हटलं होतं.

मेहली मेहता न्यूयॉर्कला गेले हे वाचताना मला क्षणभरही वाटलं नाही की मुलांचं कोण बघेल. मी कौतुकच करत होते. धाडस म्हणत होते. आणि अचानक ती मुलगी डोळ्यांपुढे आली. पुरुष शिकायला गेला की त्याची तपश्चर्या होते. बाई शिकायला निघाली की पहिली मीच तिला दारात अडवली. खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मेहलींची गोष्ट पुरी करते, कारण माझ्या मनातली गाठ तिच्या पुढच्या भागाने सुटली.

ते मुंबईला परतले, ऑर्केस्ट्राची सूत्रं हाती घेतली. १९५२ साली यहुदी मेनुहिन हे जगातले मोठे व्हायोलिनवादक भारतात येऊन गेले. मुंबईत या संगीताला चांगले दिवस येतील असं वाटलं. पण केवळ यावर पोट भरणं इथे कठीणच राहिलं. झुबिन आधी डॉक्टरकीच्या वाटेला लागला होता, तो ती सोडून १९५४ मध्ये अठराव्या वर्षी संगीत शिकायला व्हिएन्नाला गेला. पुढे मेहलींनीही मुंबई सोडली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात ते दाखल झाले, सर जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली. तिथे ते मुख्य व्हायोलिनवादकाचे सहाय्यक होते. मुंबईत जो माणूस सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसायचा, तो तिथे एक खुर्ची मागे बसला.

आणि १९५९ मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले, कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये. वय पन्नाशी ओलांडलेलं. या क्वार्टेटमधले बाकीचे तिघं १९३० च्या दशकापासून एकत्र वाजवत आलेले. अशा जमलेल्या घरात नव्याने जाणं म्हणजे काय, हे सासरी आलेल्या कुठल्याही बाईला विचारा. तिथे मेहलींच्या वाट्याला आलं दुसरं व्हायोलिन.

दुसरं व्हायोलिन म्हणजे काय, ते मी त्या रविवारी बघितलं होतं. पहिलं व्हायोलिन बहुतेक वेळा मुख्य धून वाजवतं. सगळ्यांचे डोळे तिकडे. दुसरं त्याच्या खालून वाजत असतं, कधी नुसता ठेका भरतं, कधी तीच धून जरा खालच्या सुरात सांगतं, कधी पहिल्याने सोडलेलं वाक्य उचलून व्हिओलाच्या हाती देतं. माझं लक्ष बराच वेळ त्याच्याकडे गेलंच नव्हतं. मग एका जागी ते दुसरं व्हायोलिन वाजवणारी मुलगी चार-सहा मात्रा थांबली, आणि एकदम सगळं पोकळ वाटलं, भिंतीतली वीट काढल्यासारखं. ती पुन्हा वाजवू लागली तेव्हा कळलं की इतका वेळ आपल्याला जे भरलेलं वाटत होतं, ते हिच्यामुळे. वाजवायला ते काही सोपं नसतं. पहिल्याइतकीच तयारी लागते, आणि शिवाय पहिल्याचा श्वास ओळखावा लागतो.

मेहलींनी ते पाच वर्षं वाजवलं. मला यात कमीपणा दिसला नाही, मोठेपण दिसला. आयुष्यात पहिलं व्हायोलिन वाजवलेला माणूस दुसरंही मन लावून वाजवू शकला. म्हणजे ही जागा काही जन्माने कुणाच्या कपाळावर लिहिलेली नसते. आज हा पहिलं वाजवेल, उद्या तो दुसरं वाजवेल. आपल्या घरात मात्र आपण ठरवून टाकलंय की दुसरं व्हायोलिन बाईनेच वाजवायचं, जन्मभर.

पुढे १९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. झुबिन १९६२ पासून तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक होतेच. मेहली तिथल्या विद्यापीठात, यूसीएलएमध्ये, ऑर्केस्ट्रा शिकवू लागले. आणि त्याच वर्षी, छपन्नाव्या वर्षी, त्यांनी पुन्हा एक नवा संसार मांडला, अमेरिकन यूथ सिंफनी. शिकणाऱ्या तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा. कार्यक्रम लोकांसाठी फुकट. वादक काही वर्षं शिकत, तयार होत आणि मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत नोकरीला जात. मग पुन्हा नवी मुलं. आपल्याकडे बालवाडीच्या ताई दरवर्षी नवी पोरं घेतात, तसं. तेहतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. थांबले तेव्हा नव्वदीला टेकले होते. १९ ऑक्टोबर २००२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन १९९५ पासून मुंबईत मुलांना हे संगीत शिकवतं. आणि २००६ मध्ये एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. मेहलींनी १९३५ मध्ये जे स्वप्न धरलं होतं, ते शहराने सत्तर वर्षांनी पुन्हा हातात घेतलं.

आता पुन्हा धुळ्याला येऊ या.

जानेवारीत, संक्रांतीचं वाण देण्याचं निमित्त करून मी त्या मुलीच्या घरी गेले. ती घरी नव्हती, कामाला गेली होती. सासू होती. मी तिला आधी सांगितलं की सहा महिन्यांपूर्वी तुमच्या सुनेला मी चुकीचा सल्ला दिला. सासूबाई गप्प. मग मी विचारलं की तुमचा नवरा कधी कामासाठी बाहेरगावी होता का? म्हणाली, होता ना, सुरतेला, सहा वर्षं. मी म्हटलं, मग तेव्हा पोरं कोणी वाढवली? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही खुळ्यासारखं विचारतेय. मीच वाढवली, दुसरं कोण? मी पुढे काही बोलले नाही. तिनेच चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत ती बोलत राहिली, त्या सहा वर्षांबद्दल. कुणी कधी विचारलंच नव्हतं तिला त्याबद्दल. उठताना ती एवढंच म्हणाली की पोरं माझ्याजवळ राहतात तशीही, पण खर्चाचं काय? म्हणजे अडचण पोरांची नव्हती, पैशाची होती. आणि मी सहा महिन्यांपूर्वी हे विचारलंसुद्धा नव्हतं!

पैशाचं आम्ही बघितलं. गटातून कर्ज दिलं, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, नवऱ्याला दोनदा भेटले. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. सध्या तिचं दुसरं वर्ष चालू आहे.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. पहिल्या दोन महिन्यांत धाकटी रात्री उठून रडायची. मोठ्याचे सहामाहीचे मार्क घसरले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या मला ऐकवतात. नवरा चार दिवसांनी घरी आला की त्याला स्वतःचं ताट स्वतः घ्यावं लागतं, यावरून एकदा वादही झाला. आणि माझ्या सल्ल्यामुळे त्या मुलीचं एक वर्ष फुकट गेलं, ते काही मी तिला परत देऊ शकत नाही. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते टोचतं.

मागच्या महिन्यात मी एसटीने जळगावला निघाले होते. पारोळ्याच्या पुढे कपाशीच्या शेतातून बस चालली होती. मोबाईलवर भाचीने भरून दिलेलं हायडनचं एक क्वार्टेट ऐकत होते. शेजारच्या बाईने विचारलं, काय ऐकताय ताई? मी एक तार तिच्या कानात दिली. तिने जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली की कुणीतरी घरात बोलतंय असं वाटतं, भांडत नाहीये कुणी. इतकं बरोबर तर मलाही सांगता आलं नसतं. एरंडोलपर्यंत आम्ही दोघींनी मिळून ऐकलं. या वेळी टाळी मात्र शेवटच वाजवली.

मैत्रिणींनो, मेहली मेहतांचं नाव मोठं आहे, ते राहणारच. पण तुमच्या घरात, शेजारात, गावात कुणी मोठं झालं असेल, तर एकदा त्याच्या मागच्या खुर्चीकडे बघा. तिथे कोण बसलंय, किती वर्षं बसलंय, ते विचारा. आणि पुढच्या वेळी एखादी लेकुरवाळी शिकायला निघते म्हणाली, तर माझ्यासारखं करू नका. मुलांचं कोण बघेल हा प्रश्न विचाराच, पण तो एकट्या तिला विचारू नका. सगळ्या घराला एकत्र बसवा आणि विचारा, की आता दोन वर्षं दुसरं व्हायोलिन कोण वाजवणार?